सावित्रीमाईंच्या वर्गातील मुक्ता

शिवनेरी आणि लेण्यांचा अभिमान आपण जुन्नर-आंबेगावकर नेहमीच बाळगतो. परंतु १८७७ च्या दुष्काळात क्रांतिज्योती सावित्रीमाई फुले आपल्या ओतूरला होत्या, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असते.

माईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे झाला. १८४० मध्ये विवाह झाला तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. जोतीरावांनी त्यांना शिकविले. पुढे अध्यापनाचे शिक्षण घेऊन १८४८ पासून त्या पुण्यात भिडेवाड्यातील मुलींच्या शाळेत शिकवू लागल्या. शेणा-दगडांची हकीकत आपण दर जयंतीला ऐकतो. मात्र आयुष्य फळ्यापुढे घालविणाऱ्या कोणालाही खरे कुतूहल वाटावे ते दाराबाहेरच्या जमावाचे नव्हे, आतल्या वर्गाचे.

त्या वर्गाची साक्ष एका विद्यार्थिनीनेच ठेवली आहे. मांग समाजातील मुक्ता साळवे ही फुले दांपत्याच्या शाळेत शिकणारी मुलगी. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिने लिहिलेला निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आला. पेशवाईतील छळ, शिकण्यावरील बंदी, डोक्यावर छप्परही नसताना बाळंत होणाऱ्या स्त्रियांचे हाल, हे सारे तिने निर्भीडपणे मांडले. आणि आपला धर्म तरी कोणता, असे थेट ईश्वरालाच विचारले. असा प्रश्न पाठांतराने सुचत नाही. तू बोलू शकतेस, तुझे दुःख लिहिण्याजोगे आहे, असे शिक्षकाच्या नजरेत आधी दिसावे लागते. मुक्ताला ते दिसले असले पाहिजे, कारण समाजाच्या वतीने बोलण्याचा अधिकार तिने कोणाची परवानगी न मागता घेतला. आज आहुपे खोऱ्यातून आलेली ठाकर वा महादेव कोळी समाजाची मुलगी मागच्या बाकावर गप्प असते, तेव्हा आपण तिला लाजाळू ठरवून मोकळे होतो. मॉनिटर मात्र बहुधा पहिल्या बाकावरचाच!

माईंची ही दृष्टी शाळेपुरती नव्हती. २० एप्रिल १८७७ रोजी त्यांनी ओतूरहून जोतीरावांना पत्र लिहिले. त्यात दुष्काळाने ओस पडत चाललेली गावे आहेत, सावकारांचा जुलूम आहे, आणि सत्यशोधक कार्यकर्त्यांच्या अटकेची हकीकतही आहे. शिक्षिका येथे संघटक झालेली दिसते. जोतीरावांच्या निधनानंतर १८९३ मध्ये सासवड येथील सत्यशोधक परिषदेचे अध्यक्षपद त्यांनीच भूषविले.

१८९७ च्या प्लेगात मुंढव्याच्या महारवाड्यातील पांडुरंग गायकवाड या आजारी मुलाला त्यांनी स्वतः पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. वय सहासष्ट. त्यातच त्यांना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.