पंडिता रमाबाईंची आशा

गेल्या पावसाळ्यांत भाईंदर येथें एका ख्रिस्ती कुटुंबाच्या घरीं प्रार्थनेस गेलों होतों. त्या घरची एकुलती एक मुलगी थोड्याच दिवसांपूर्वीं वारली होती. प्रार्थना संपल्यावर तिच्या आईनें मला विचारलें कीं, बाप्तिस्मा घेऊन इतकीं वर्षें झालीं, तरी माझें अंतःकरण असें रिकामें कां? मीं शास्त्रांतील वचनें काढून दाखविलीं, पण माझें बोलणें मलाच अपुरें वाटलें. खाडीच्या पुलावरून आगगाडीनें परत येतांना पंडिता रमाबाईंची आठवण झाली. कारण हाच प्रश्न त्यांनाहि पडला होता.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं कर्नाटकांतील गंगामूळच्या रानांत झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. पत्नी लक्ष्मीबाई हिला संस्कृत शिकविल्यामुळें त्यांजवर लोकांचा रोष झाला, म्हणून ते रानांत जाऊन राहिले. रमा सहा महिन्यांची असतां तें बिऱ्हाड मोडलें व सर्व कुटुंब यात्रेस निघालें; तान्ह्या मुलीस वेताच्या पेटींत घालून एका माणसानें डोक्यावरून नेलें. पुढें गांवोगांवीं पुराण सांगावें, दान मिळेल तें घ्यावें आणि त्यांतून देवस्थानांस व ब्राह्मणांस द्यावें, असा त्यांचा क्रम चालला. पुण्याचा सांठा संकटीं उपयोगीं पडेल ही त्यांची आशा होती. त्या आशेंत ढोंग नव्हतें, हें आपल्या उपदेशक बंधूंनीं ध्यानांत ठेवावें. इतक्या प्रामाणिकपणें देवाचा शोध करणारीं माणसें आपल्या मंडळ्यांतहि थोडींच सांपडतील.

मग दक्षिणेंत दुष्काळ पडला. होतें नव्हतें तें विकून झाल्यावर रानांतला पाला खाऊन त्यांनीं दिवस काढले. वडील गेले, आई गेली, थोरली बहीणहि गेली. आईच्या प्रेतास खांदा द्यावयास माणसें मिळेनात. दोन ब्राह्मण कसेबसे आले, तिसरा भाऊ श्रीनिवास, आणि चौथी रमा. ती ठेंगणी असल्यामुळें तिचा खांदा पोहोंचेना, म्हणून तिनें तिरडी डोक्यावर घेतली. स्मशान तीन मैलांवर होतें.

त्यानंतर ही भावंडें पायीं उत्तरेकडे निघालीं. पंजाबांत झेलम नदीच्या कांठीं थंडीपासून जीव वांचविण्यासाठीं वाळूंत खड्डे खणून अंगावर वाळू ओढून तीं निजलीं. १८७८ सालीं तीं कलकत्त्यास पोहोंचलीं. तेथील शास्त्र्यांनीं रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांस पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. सर्वत्र मान मिळूं लागला. पण जुन्या देवांवरील विश्वास तोंवर मावळला होता, आणि त्याच्या जागीं दुसरें कांहीं आलें नव्हतें.

१८८० सालीं श्रीनिवासहि वारला. त्याच वर्षीं बिपिनबिहारी मेधावी ह्या बंगाली वकिलाशीं, ब्राह्मणेतराशीं, बाईंनीं विवाह केला. सिल्चर येथें पतीच्या पुस्तकांत त्यांस लूककृत शुभवर्तमानाची एक बंगाली प्रत मिळाली, व तें वाचण्याची गोडी लागली. एप्रिल १८८१ मध्यें मनोरमा जन्मली. फेब्रुवारी १८८२ मध्यें पति पटकीनें गेले. तेवीस वर्षांची विधवा, कडेवर मूल, आणि माहेर म्हणावें असें पृथ्वीवर कोणी नाहीं.

पुण्यास येऊन त्यांनीं आर्य महिला समाज स्थापिला व १८८३ मध्यें त्या इंग्लंडास गेल्या. तेथें फुलहॅम येथील एका आश्रमांत पतित स्त्रियांची सेवा चाललेली त्यांनीं पाहिली. अशा स्त्रियांची कींव कोणी करतो, हेंच त्यांस नवल वाटलें. त्यांस योहानाच्या शुभवर्तमानांतून शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविण्यांत आली. २९ सप्टेंबर १८८३ रोजीं वाँटेज येथें रमाबाई व लहानगी मनोरमा ह्या दोघींचा बाप्तिस्मा झाला.

येथें आपण बहुतेक चरित्र संपवितों. बाप्तिस्मा झाला, नांव मंडळीच्या पुस्तकांत चढलें, काम झालें! रमाबाईंनीं मात्र पुढें स्पष्ट कबूल केलें आहे कीं, आपणांस ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण धर्माचा प्राण जो ख्रिस्त तो मिळाला नव्हता. अशीं सुमारें आठ वर्षें गेलीं. त्या अवधींत त्या अमेरिकेंत हिंडल्या, १८८७ सालीं उच्चवर्णीय हिंदु स्त्रियांविषयीं त्यांचें इंग्रजी पुस्तक निघालें, ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस विधवांसाठीं शारदासदन उघडलें, आणि पुढच्या वर्षीं तें पुण्यास आलें. बाहेरून पाहणारास काय उणें दिसणार?

त्याच सुमारास विल्यम हॅस्लम ह्या इंग्रज पाळकाचें आत्मवृत्त त्यांच्या हातीं आलें. हा मनुष्य वर्षानुवर्षें पाळकपण करीत होता, आणि एके दिवशीं स्वतःच्याच उपदेशानें त्याचें परिवर्तन झालें! तें वाचून बाईंनीं आपली झडती घेतली. आपण पूर्वीं तीर्थांचें पुण्य सांठवीत होतों, आतां ख्रिस्ती कृत्यांचें सांठवीत आहों, असें त्यांस दिसलें असावें, असें मला वाटतें. आपल्या योग्यतेचें कांहीं न धरतां त्यांनीं पापी म्हणून स्वतःस ख्रिस्ताच्या स्वाधीन केलें. शांति तेव्हां मिळाली.

ही आशा लौकरच कसास लागली. १८९३ सालीं सदनांतील मुली ख्रिस्ती प्रार्थनेस बसतात ह्यावरून पुण्यांत गहजब झाला. रानडे व भांडारकर ह्यांनीं सल्लागारपण सोडलें, अनेक पालकांनीं मुली काढून नेल्या. बाई डगमगल्या नाहींत. १८९६–९७ च्या दुष्काळांत त्या मध्यप्रांतांत गेल्या. पाला खाऊन जगणें म्हणजे काय हें त्यांस कोणी सांगावयास नको होतें. तेथून आणिलेल्या शेंकडों मुलींसाठीं केडगांवीं मुक्तिसदन उभें राहिलें. १९०० सालच्या गुजराथच्या दुष्काळानंतर तेथील संख्या हजारांवर गेली.

उतारवयांत बाईंनीं इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास करून, अल्पशिक्षित बायांस कळेल अशा सोप्या मराठींत पवित्र शास्त्राचें भाषांतर हातीं घेतलें. खिळे जुळविणें व छापणें हें काम मुक्तिसदनाच्या छापखान्यांत तेथील मुलीच करीत.

तें काम चालू असतां जुलै १९२१ मध्यें मनोरमा वारली. वय चाळीस. संस्था पुढें तिनेंच चालवावी असें बाईंच्या मनांत होतें. लहानपणीं ज्यांच्याबरोबर यात्रा केली तीं सर्व गेलीं, आणि बाप्तिस्म्याच्या दिवशीं जी जवळ होती तीहि गेली. बाईंस दुःख झालें नाहीं असें मंडळींत कोणी सांगूं नये. तें खरें नव्हे, आणि ऐकणाऱ्या आयांवर तो अन्याय होईल. परंतु तरुणपणींच्या मरणांनीं त्यांस देवापासून दूर नेलें होतें, ह्या मरणानें नेलें नाहीं. मनोरमा ख्रिस्ताजवळ आहे ह्या खात्रीनें त्या पुन्हां मुद्रितें तपासावयास बसल्या. भाईंदरच्या त्या आईस ही हकीकत मला अजून सांगावयाची आहे.

अखेरचीं मुद्रितें पाहून होईपर्यंत आयुष्य मिळावें अशी त्यांनीं प्रार्थना केली व तीं पाहून झालीं, असें चरित्रकार लिहितात. ५ एप्रिल १९२२ रोजीं पहांटे झोंपेंतच त्या प्रभूकडे गेल्या. मुलींनीं छापलेलें तें शास्त्र १९२४ सालीं बांधून बाहेर पडलें.