यूजीन हूड्री

पॅरिस शहराच्या उत्तरेस दोमाँ नावाचे गाव आहे. तेथे १८ एप्रिल १८९२ रोजी यूजीन हूड्री यांचा जन्म झाला. वडिलांचा पोलादी सामानाचा कारखाना होता. तेव्हा मुलाने यंत्रविद्या शिकावी हे ओघानेच आले. १९११ साली ते आपल्या वर्गात पहिले आले व सुवर्णपदक मिळवून बाहेर पडले. विद्यालयाच्या फुटबॉल संघाचे नायकपदही त्यांजकडे होते, हे आमच्या मैदानप्रिय विद्यार्थ्यांस आम्ही मुद्दाम सांगतो.

पहिल्या महायुद्धात ते रणगाड्यांच्या पथकात होते. १९१७ साली ज्युव्हँकूरच्या लढाईत त्यांस जबर जखम झाली व शौर्याबद्दल पदक मिळाले. युद्ध संपल्यावर घरचा कारखाना सांभाळून सुखाने राहणे त्यांस सहज शक्य होते. परंतु त्यांस मोटारींच्या शर्यतींचे वेड होते, आणि त्या वेडापायी १९२२ साली ते अमेरिकेत इंडियानापोलिसची शर्यत पाहून आले. एंजिन कितीही सुधारले तरी पेट्रोल निकृष्ट असेल तर त्याचा उपयोग नाही, ही गोष्ट त्यांच्या मनात पक्की ठसली.

फ्रान्समध्ये खनिज तेल फारसे निघत नसे. म्हणून हूड्री यांनी लिग्नाइट नावाच्या हलक्या कोळशापासून पेट्रोल काढण्याचा उद्योग आरंभिला. १९२९ साली त्याचा कारखानाही उभा राहिला. पण खर्च परवडेना, सरकारने मदत बंद केली व कारखान्यास टाळे लागले. ह्या अपयशाने खचून न जाता त्यांनी जाड, टाकाऊ तेलाकडे लक्ष वळविले. त्यातून पेट्रोल काढण्यास त्यांनी उत्प्रेरक वापरला. उत्प्रेरक म्हणजे स्वतः न खर्चता इतर पदार्थांतील रासायनिक क्रिया घडवून आणणारा पदार्थ. शेकडो पदार्थ तपासून त्यांनी एका विशिष्ट मातीची निवड केली. अडचण एकच होती: थोड्याच वेळात त्या मातीवर कोळशाचे पूट चढे व ती निकामी होई. हूड्री यांनी तिच्यात हवा सोडून ते पूट जाळून टाकण्याची युक्ती काढली, आणि तीच माती पुनःपुन्हा उपयोगी पडू लागली. आमच्या मते त्यांच्या बुद्धीचे खरे तेज येथेच दिसते.

१९३० साली ते अमेरिकेस गेले. १९३७ साली पेनसिल्व्हेनियातील मार्कस हुक येथे सन ऑइल कंपनीचा मोठा कारखाना त्यांच्या पद्धतीने चालू झाला. जुन्या पद्धतीने तेलाचे सुमारे २५ टक्के पेट्रोल होई, ते आता जवळजवळ ५० टक्के होऊ लागले व प्रतही उंच झाली. दुसऱ्या महायुद्धात दोस्तांच्या विमानांस ह्याच पेट्रोलाचे बळ मिळाले. १९४० साली फ्रान्स पडला तेव्हा हूड्री यांनी द गॉल यांचा पक्ष घेतला. त्याबद्दल व्हिशी सरकारने त्यांचे नागरिकत्व काढून घेतले. १९४२ साली ते अमेरिकेचे नागरिक झाले.

साठीकडे झुकलेल्या ह्या गृहस्थाने आता विश्रांती घेतली असती तर कोणी बोल लावला नसता. परंतु लॉस एंजेलिसवर मोटारींच्या धुराचे दाट धुके साचते, ही वार्ता त्यांनी ऐकली. ज्याने पेट्रोल विपुल केले, त्यानेच त्याच्या धुरावरील उपायास हात घातला. ऑक्सी-कॅटॅलिस्ट नावाची कंपनी काढून त्यांनी धूर निर्विष करणारी पेटी, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, तयार केली. १९५६ साली त्यांस एकस्व मिळाले. परंतु त्या काळी पेट्रोलात शिसे मिसळीत, आणि शिशाने पेटीतील उत्प्रेरक मरून जाई. १८ जुलै १९६२ रोजी हूड्री वारले, तेव्हा रस्त्यावरील मोटारींस त्यांच्या पेटीचा लाभ झालेला नव्हता.

अमेरिकेत १९७५ सालच्या मोटारींपासून ही पेटी सर्रास आली. आपल्याकडे मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथील नव्या पेट्रोल मोटारींस १ एप्रिल १९९५ पासून ती सक्तीची झाली, आणि २००० साली शिशाचे पेट्रोल देशात बंद झाले.

सांप्रत काही लोक एंजिनाचा जोर वाढेल ह्या आशेने ही पेटी कापून काढतात. तिच्यातील प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम मौल्यवान असल्याने चोरही तिच्यावर टपलेले असतात. पेटीच्या पुढे व मागे प्राणवायू मोजणारे दोन सेन्सर असतात. पुढचा सेन्सर हवा व पेट्रोल यांचे प्रमाण एंजिनाच्या संगणकास कळवितो. त्याचे माप सतत वरखाली होते. पेटी प्राणवायू साठवून खर्चीत असल्यामुळे मागच्याचे माप बरेचसे स्थिर राहते. पेटी गेली की दोघांची मापे सारखीच हलू लागतात. संगणक ते ओळखतो व मोटार हाकणाऱ्यापुढे इशाऱ्याचा दिवा लावतो. कापलेल्या जागी पुढच्या सेन्सराजवळ फट राहिली तर बाहेरची हवा आत शिरते, आणि पेट्रोल कमी पडते असे समजून संगणक ते उगाच वाढवितो. काही कारागीर मागचा सेन्सर नळीचा तुकडा घालून धुरापासून दूर बसवितात. मग दिवा विझतो व मालक निश्चिंत होतो. पण कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही व वासही नाही. त्या मोटारीमागून सायकलीवर शाळेस येणाऱ्या मुलास त्याचा पत्ताही लागत नाही.