तुकोबांची अर्धी खतं



देहूच्या तुकोबारायांच्या घरी दुकान होतं, सावकारी होती. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात धंदा बुडाला, पहिली बायको आणि मुलगा गेले. पुढे विठ्ठलाची ओढ लागली, तेव्हा लोकांची कर्जखतं इंद्रायणीत बुडवायची असं त्यांनी ठरवलं. पण धाकट्या कान्होबाचाही संसार होता. चरित्रकार सांगतात, तुकोबांनी अर्धी खतं भावाला दिली आणि फक्त आपल्या वाट्याची बुडवली.

त्याग भावावर लादला नाही, आणि भावाचं निमित्त सांगून स्वतःचा टाळलाही नाही. योग्य वागणं म्हणजे हेच ना? आज काही चांगलं करताना एवढंच बघूया, बिल कोणाच्या नावावर फाडतोय?