वीस मिनिटांत सापडलेली वाट

परदेशातल्या कुठल्याही फॉर्मवर व्यवसायाच्या रकान्यात आपल्यापैकी निम्मे लोक बिनधास्त 'सॉफ्टवेअर इंजिनिअर' लिहून मोकळे होतात. एडस्खर डाइक्स्ट्रा यांचं नशीब तेवढं सोपं नव्हतं!

११ मे १९३० रोजी हॉलंडमधल्या रॉटरडॅमला त्यांचा जन्म झाला. वडील रसायनशास्त्र शिकवत, आई गणितज्ञ. लायडनला भौतिकशास्त्र शिकत असतानाच १९५२ साली ते ॲमस्टरडॅमच्या मॅथेमॅटिकल सेंटरमध्ये प्रोग्रामर म्हणून लागले. पण प्रोग्रामिंग हे काय शास्त्र झालं, ही धाकधूक मनात होतीच. त्यांचे वरिष्ठ वान वाइनगार्डन यांनी धीर दिला, की या विषयाला प्रतिष्ठा मिळवून देणारे तुम्हीच का होऊ नये?

१९५६ साली आर्मॅक हा नवा कॉम्प्युटर लोकांना दाखवायचा होता. त्यासाठी सामान्य माणसाला कळेल असा प्रश्न हवा होता. होणाऱ्या पत्नीबरोबर खरेदी करून दमल्यावर डाइक्स्ट्रा कॉफी प्यायला बसले आणि कागद-पेन्सिलीशिवाय वीसेक मिनिटांत उत्तर सापडलं. दोन गावांतली सर्वांत जवळची वाट कशी काढायची? निघालेल्या ठिकाणापासून सर्वांत जवळचं गाव पक्कं करायचं, त्याच्यामार्गे पुढची गावं स्वस्तात गाठता येतात का ते बघायचं आणि हेच करत राहायचं. बस्स!

पुढच्याच वर्षी लग्नाच्या नोंदणीत मात्र 'प्रोग्रामर' हा व्यवसाय मान्य झाला नाही. 'सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ' असं लिहावं लागलं.

१९५९ साली हे उत्तर छापून आलं, जेमतेम तीन पानांत. पुढे इंटरनेट आलं आणि गावांच्या जागी राऊटर आले. ओएसपीएफ वापरणारा राऊटर आजही याच रीतीने वाटा काढतो. सारख्याच खर्चाच्या दोन वाटा निघाल्या तर तो दोन्ही ठेवतो आणि वाहतूक वाटून देतो. मात्र एका संभाषणाची पॅकेट्स सहसा एकाच वाटेने धाडतो, म्हणजे ती मागेपुढे होत नाहीत. एक वाट तुटली, तर दुसरी असतेच.

१९७२ साली त्यांना ट्यूरिंग पुरस्कार मिळाला. १९८४ ते १९९९ ते टेक्सासमध्ये ऑस्टिनला प्राध्यापक होते. तेराशेच्या वर टिपणं त्यांनी लिहिली, त्यातली बरीचशी फाउंटनपेनने, स्वच्छ अक्षरात! ६ ऑगस्ट २००२ रोजी हॉलंडमध्येच त्यांचं निधन झालं.

तो रकाना आज आपण सहज भरतो. भरताना एकदा त्यांची आठवण काढूया.