फौजेतला गोलकीपर : पीटर थंगराज

आमच्या शाळेत फुटबॉल खेळणाऱ्या प्रत्येकाला फॉरवर्ड व्हायचे असते. गोलकीपर होतो तो उंच असलेला, धावायचा कंटाळा असलेला, किंवा नवीन आल्यामुळे नाही म्हणता न आलेला. मी तिसऱ्या प्रकारातला. सातवीत साताऱ्याहून इथे दिल्लीजवळ शिकायला आलो आणि पहिल्याच गेम्स परेडला कोणीतरी मला दोन खांबांच्या मध्ये उभे केले. तेव्हापासून मी तिथेच आहे.

यंदाच्या इंटर-हाऊस स्पर्धेत आमच्या हाऊसचा पहिला गोलकीपर बारावीतला एक सीनियर होता आणि मी राखीव. सेमीफायनलच्या आदल्या रात्री त्याला ताप भरला आणि तो एम.आय. रूममध्ये दाखल झाला. सेमीफायनल मी खेळलो. सामना पेनल्टीपर्यंत गेला, मी दोन अडवल्या आणि आम्ही जिंकलो. दोन दिवस मेसमध्ये मला मागितल्याशिवाय दुसरा गुलाबजाम मिळत होता. फायनलच्या सकाळी नोटीस बोर्डावर नावे लागली. सीनियर बरा होऊन आला होता आणि पहिले नाव त्याचे होते. माझे नाव सर्वात खाली, राखीवमध्ये.

आम्ही ती फायनल २-१ ने हरलो. इथे एक गोष्ट कबूल करतो, जी मी हाऊसमध्ये कोणाला सांगितलेली नाही. दुसरा गोल आत गेला तेव्हा मला आतून बरे वाटले होते.

रविवारी घरी फोन करायची वेळ असते. माझे आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. मी त्यांना सगळे सांगितले, फक्त बरे वाटल्याचे सोडून. मला वाटले ते माझी बाजू घेतील. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले की पीटर थंगराज हे नाव मला माहीत आहे का. मला माहीत नव्हते. गोलकीपर म्हणवतोस आणि थंगराज माहीत नाही, एवढे बोलून त्यांनी फोन आजीकडे दिला.

मग मी लायब्ररीत बसून शोधले. जे सापडले ते इथे लिहितो.

पीटर थंगराज यांचा जन्म १९३५ सालचा, हैदराबादचा. सिकंदराबादच्या मॉर्निंग स्टार आणि फ्रेंड्स युनियन या क्लबांकडून ते खेळू लागले. त्या काळी हैदराबाद हे फुटबॉलचे मोठे गाव होते आणि भारतीय संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीमही तिथलेच. १९५३ साली, म्हणजे आमच्या बारावीच्या मुलांच्या वयाचे असताना, थंगराज सैन्यात भरती झाले आणि मद्रास रेजिमेंटल सेंटरच्या संघात आले. नीलगिरीतल्या वेलिंग्टनला हे सेंटर आहे.

गंमत म्हणजे सेंटरच्या संघात ते सुरुवातीला सेंटर फॉरवर्ड होते, गोल करणारे. पुढे ते गोलमध्ये आले आणि तिथेच त्यांचे नाव झाले. मला वाटते, फॉरवर्ड गोल मारताना काय विचार करतो हे ज्याला स्वतःच्या पायांनी माहीत आहे, त्याला फसवणे अवघड जात असेल. शिवाय ते चांगलेच उंच होते. कॉर्नरवरून आलेला उंच चेंडू गर्दीतून वर जाऊन पकडायचा, ही त्यांची खासियत.

आम्हा दिल्लीकरांसाठी पुढची गोष्ट जवळची आहे. ड्युरंड कप ही भारतातली सर्वात जुनी फुटबॉल स्पर्धा. ती १८८८ साली सिमल्याला सुरू झाली, ब्रिटिश फौजांसाठी. १९४० साली ती दिल्लीला आली. ज्या स्पर्धेत सुरुवातीला गोऱ्या पलटणी खेळायच्या, ती स्पर्धा मद्रास रेजिमेंटल सेंटरच्या जवानांनी १९५५ साली जिंकली आणि १९५८ साली पुन्हा जिंकली. दोन्ही वेळा त्या संघात थंगराज होते. १९६० साली सर्व्हिसेसने, म्हणजे तिन्ही दलांच्या संघाने, संतोष ट्रॉफी पहिल्यांदा जिंकली, तेव्हा संघाचे नेतृत्व त्यांच्याकडे होते.

याच काळात ते भारतासाठीही खेळू लागले होते. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकसाठी संघात दोन गोलकीपर होते, थंगराज आणि मुंबईचे एस. एस. नारायण. भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ ने हरवले. नेव्हिल डिसूझा यांनी त्यात हॅटट्रिक केली आणि भारत चौथा आला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये त्याहून वरचा क्रमांक आपल्याला आजवर मिळालेला नाही. १९५८ साली थंगराज यांची आशियातले सर्वोत्तम गोलकीपर म्हणून निवड झाली. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये भारताने फ्रान्सला १-१ असे रोखले, त्या संघातही ते होते.

आता मी त्या गोष्टीकडे येतो जिच्यासाठी आजोबांनी हे नाव काढले असावे.

१९६२ च्या आशियाई क्रीडा स्पर्धा इंडोनेशियात जकार्ताला झाल्या. पालकांपैकी काहींनी रहीम सरांवरचा ‘मैदान’ हा चित्रपट पाहिला असेल, त्यातला शेवट याच स्पर्धेचा आहे. पहिल्याच सामन्यात भारत दक्षिण कोरियाकडून २-० ने हरला. मग थायलंड आणि जपानला हरवून संघ सेमीफायनलला पोचला. पण तोवर खेळाडू एकेक करून कामातून जात होते. जर्नेल सिंग यांच्या डोक्याला टाके पडले होते. थंगराज फ्लूने आजारी होते. दक्षिण व्हिएतनामविरुद्धची सेमीफायनल भारताने ३-२ ने जिंकली आणि त्या दिवशी गोलमध्ये थंगराज नव्हते. बंगालचे प्रद्युत बर्मन होते.

फायनल ४ सप्टेंबरला पुन्हा दक्षिण कोरियाशीच होती. रहीम सरांना निवड करायची होती. एकीकडे सेमीफायनल जिंकून देणाऱ्या संघाचा गोलकीपर, दुसरीकडे नुकताच आजारातून उठलेला थंगराज. त्यांनी थंगराज यांना उतरवले.

मैदानात सुमारे एक लाख प्रेक्षक होते आणि जवळजवळ सगळे भारताच्या विरोधात. स्पर्धेच्या राजकारणामुळे तिथले लोक आपल्यावर चिडलेले होते. टाके पडलेल्या जर्नेल सिंग यांना रहीम सरांनी बचावातून काढून सेंटर फॉरवर्ड केले होते. सतराव्या मिनिटाला पी. के. बॅनर्जी यांनी पहिला गोल केला, विसाव्याला जर्नेल सिंग यांनी दुसरा. त्यानंतर सत्तर मिनिटे उरली होती. गोलकीपरलाच कळेल की दोन गोलांची आघाडी सत्तर मिनिटे सांभाळणे म्हणजे काय. शेवटच्या काही मिनिटांत कोरियाने एक गोल फेडला, दुसरा मात्र होऊ दिला नाही. भारत २-१ ने जिंकला. आशियाई स्पर्धांमधले फुटबॉलचे सुवर्णपदक त्यानंतर भारताला पुन्हा मिळालेले नाही.

हे वाचताना मला पहिल्यांदा वाटले की आजोबांनी मला सीनियरची बाजू समजावी म्हणून ही गोष्ट सांगितली. आजारातून उठून मैदानात उतरणे सोपे नसते, हे खरेच. पण रात्री लाइट्स आउटनंतर मला थंगराजपेक्षा बर्मन जास्त आठवत राहिले. सेमीफायनल खेळून ते फायनलला बाहेर बसले. कोरियाचा तो गोल झाला तेव्हा त्यांना काय वाटले असेल? मला जे वाटले तेच? मला नाही तसे वाटत. ते त्याच संघाचे होते, गळ्यात पदक त्यांच्याही पडले. मी आमच्या हाऊसचा असूनही त्या क्षणी हाऊसचा नव्हतो. ही गोष्ट मला कोणत्याही पनिशमेंटपेक्षा जास्त लागली.

फौज सोडल्यावर थंगराज कोलकात्याला गेले आणि मोहमेडन स्पोर्टिंग, मोहन बागान, ईस्ट बंगाल अशा तिन्ही मोठ्या क्लबांकडून खेळले. आशियाच्या ऑल स्टार संघात त्यांची दोनदा निवड झाली. १९६७ साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. १९७१ च्या सुमारास त्यांनी खेळणे थांबवले आणि प्रशिक्षक झाले. गोव्यात वास्को क्लबला त्यांनी शिकवले. पुढे बोकारो स्टील प्लांटच्या फुटबॉल अकादमीत लहान मुलांना घडवण्यात त्यांनी बरीच वर्षे घालवली. २४ नोव्हेंबर २००८ रोजी बोकारोलाच त्यांचे निधन झाले. तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता.

गोलकीपर चांगला प्रशिक्षक होऊ शकतो असे मला वाटते, कारण दहा जणांची पाठ आणि अकरा जणांचे तोंड एकाच वेळी फक्त त्यालाच दिसते. कोण थकला, कोण जागा सोडून गेला, हे त्याला आधी कळते. आणि जे सांगायचे ते ओरडून सांगावे लागते, कारण तो स्वतः पुढे जाऊ शकत नाही. प्रशिक्षकाचेही तसेच आहे.

गेल्या आठवड्यात मी त्या सीनियरकडे गेलो आणि त्याला विचारले की उंच चेंडूला पुढे कधी यायचे आणि कधी थांबायचे, ते मला शिकवाल का. फायनलमधला दुसरा गोल त्याच चुकीने झाला होता, त्यामुळे विचारताना मला भीती वाटत होती. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला की त्याची बोर्डाची परीक्षा आहे, पण संध्याकाळी गेम्सनंतर वीस मिनिटे देईन. आता रोज तो कॉर्नरवरून चेंडू मारतो आणि मी पुढे येतो. दहापैकी चार पकडतो. पुढच्या वर्षी तो इथे नसेल. पहिले नाव माझे लागले तर राखीवमध्ये जो असेल, त्याला ही वीस मिनिटे मला द्यायची आहेत.

आजोबांना मी हे रविवारी सांगितले. त्या वेळी, जे आधी सांगायचे राहिले होते, तेही सांगितले.