घाट सोपा करणारे वेलोसिओ

सपाट रस्त्यावर सायकल चालविताना वाऱ्याशी शर्यत करावीशी वाटते. पण घाटाचा चढ लागताच पाय जड होतात, ऊर धपापू लागतो आणि अखेर खाली उतरून सायकल ढकलावी लागते. सामान्य माणसाची ही अडचण दूर करण्यासाठी ज्यांनी आपले आयुष्य वेचले, त्यांचे नाव पॉल द विवी. फ्रान्समधील लोक त्यांना वेलोसिओ या टोपणनावाने ओळखीत.

द विवी यांचा जन्म १८५३ साली दक्षिण फ्रान्समधील पेर्न या गावी झाला. तरुणपणी ते रेशमाच्या व्यापारात शिरले व सेंत-एतिएन या औद्योगिक शहरात त्यांनी आपला जम बसविला. १८८१ साली त्यांनी पहिली सायकल विकत घेतली. पुढचे चाक प्रचंड व मागचे चिमुकले, अशी ती जुन्या घडणीची सायकल होती. तिने त्यांना असे वेड लावले की, १८८७ साली चालता व्यापार सोडून त्यांनी सायकलींचे दुकान काढले आणि सायकलप्रवासाला वाहिलेले एक नियतकालिक सुरू केले.

शहराजवळच ग्राँ-ब्वा हा ११६१ मीटर उंचीचा घाट होता. माथा गाठण्यासाठी शहरापासून सहाशे मीटरांहून अधिक उंची चढावी लागे. त्या काळच्या सायकलीला एकच गिअर असे. सपाटीवर सोयीचा गिअर चढावर जीव काढी. चढावर सोयीचा गिअर सपाटीवर गोगलगाईची गती देई. वेलोसिओंनी पॅडलपाशी लहान व मोठी अशी दोन दातेरी चक्रे बसविली. चढ आला की साखळी हाताने लहान चक्रावर घ्यावयाची. चक्र लहान असले म्हणजे पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल थोडेच अंतर जाते, पण जोरही कमी लागतो. पुढे चालत्या सायकलीवरच साखळी बदलता यावी, म्हणून त्यांनी व इतर कारागिरांनी वर्षानुवर्षे खटपट केली.

शर्यती भरविणाऱ्यांना मात्र ही सोय रुचली नाही. गिअर बदलणे हे वृद्धांचे व दुबळ्यांचे काम, खऱ्या वीराने स्नायूंच्या बळावरच घाट जिंकावा, असे त्यांचे मत होते. १९०२ साली पिरेनीज पर्वतातील २११५ मीटर उंचीच्या तूरमाले घाटात सायकलींची कसोटी घेण्यात आली. तेथे मार्त हेस ही स्त्री गिअरच्या सायकलीवरून, जमिनीला पाय न टेकता, घाट चढून गेली. तरीही टीकाकारांचे मन पालटले नाही.

वेलोसिओंनी लेखणीने उत्तर दिले आणि त्याहूनही अधिक आपल्या प्रवासांनी. ते रात्रंदिवस सायकल चालवीत आल्प्सच्या डोंगरवाटा तुडवीत. त्यांचा आहार शाकाहारी होता. प्रवाशांसाठी त्यांनी काही नियमही घालून दिले. भूक लागण्यापूर्वी खावे, तहान लागण्यापूर्वी प्यावे, थंडी वाजण्यापूर्वी कपडे चढवावेत आणि केवळ फुशारकी मिरविण्यासाठी कधीही सायकल दामटू नये, असा त्यांचा उपदेश होता.

१९२२ पासून त्यांच्या सन्मानार्थ ग्राँ-ब्वा घाटात सायकलस्वारांचा वार्षिक मेळावा भरू लागला. ज्या चढावर पूर्वी धट्टेकट्टे तरुण हार खात, तो चढ लहानथोर माणसे आनंदाने चढून जाऊ लागली. १९३० साली सायकल हाती धरून रस्ता ओलांडत असता ट्रामचा धक्का लागून या थोर प्रवाशाचा अंत झाला.

त्यानंतर सात वर्षांनी, १९३७ साली, 'तूर द फ्रान्स' या जगप्रसिद्ध शर्यतीने गिअर बदलण्याच्या यंत्रास मान्यता दिली. ज्याला दुबळ्यांचे साधन म्हणून हिणविले, त्याचाच आधार घेऊन नामांकित वीर पर्वत ओलांडू लागले. तो दिवस पाहण्यास वेलोसिओ राहिले नव्हते. पण घाटमाथ्यावर उभारलेले त्यांचे स्मारक येणाऱ्याजाणाऱ्यांना त्यांच्या चिकाटीची आठवण करून देते. पर्वताची वाट त्यांनी केवळ बलवानांची न ठेवता सर्वांची केली, हेच त्यांचे खरे मोठेपण होय.