पारदर्शक बाटलीचा आग्रह

टोमॅटो केचपची बाटली आज घरोघरी असते. बाटली उघडल्यावर केचप आंबू नये, रंग लाल राहावा, दाट असावे आणि तरी स्वस्त मिळावे, अशी गिऱ्हाइकाची अपेक्षा असते. सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेत या सगळ्या अपेक्षा एकदम पुऱ्या करण्याचा सोपा मार्ग एकच होता. केचपमध्ये रसायन घालायचे. तो मार्ग सोडून देणाऱ्या कारखानदाराचे नाव हेन्री जॉन हाइन्झ.

हाइन्झचा जन्म ११ ऑक्टोबर १८४४ रोजी पेनसिल्व्हेनियातील पिट्सबर्ग येथे झाला. आईवडील जर्मनीतून आलेले. घरामागच्या मळ्यातली भाजी तो लहानपणापासूनच शार्प्सबर्ग गावात दारोदार विकत असे. १८६९ मध्ये त्याने मित्राबरोबर भागीदारी केली आणि आईच्या पद्धतीने किसलेले हॉर्सरॅडिश बाटलीत भरून विकायला काढले. हॉर्सरॅडिश हे मोहरीसारखा झणका असलेले मूळ. दोन्हींतला झणका एकाच प्रकारच्या गंधकयुक्त तेलाचा असतो. हे मूळ किसताना डोळ्यांतून पाणी येते, म्हणून ते तयार मिळाले तर गृहिणींना हवेच होते. पण बाजारातले व्यापारी ते हिरव्या किंवा तपकिरी बाटल्यांत विकत आणि त्या रंगीत काचेआड सलगमसारख्या स्वस्त कंदांची भेसळ सहज लपे. हाइन्झने पारदर्शक काच वापरली. बाटलीत काय आहे ते गिऱ्हाइकाने स्वतः बघून घ्यावे, हा त्यामागचा हिशोब होता.

धंदा वाढला, पण टिकला नाही. १८७३ मध्ये अमेरिकेत मंदी आली. त्यातच हाइन्झने शेतकऱ्यांची काकडी ठरलेल्या भावाने विकत घेण्याचा करार केला होता आणि १८७५ मध्ये पीक अमाप आले. पैसे अपुरे पडले आणि कंपनी दिवाळखोरीत गेली. कायद्याने त्याची बरीचशी देणी सुटली होती. तरीही त्याने एका वहीत ती देणी नैतिक जबाबदारी म्हणून लिहून ठेवली आणि पुढे फेडली. १८७६ मध्ये भाऊ आणि चुलतभाऊ यांच्या नावाने नवी कंपनी उभी राहिली. याच काळात तिने टोमॅटो केचप बाजारात आणले.

त्या काळचे स्वस्त केचप बनायचे कसे, हे पाहण्यासारखे आहे. टोमॅटो डबाबंद करणाऱ्या कारखान्यांत साली, देठाकडचे भाग आणि कच्ची फळे उरत. हा माल पिंपांत साठवून नंतर शिजवला जाई. तोवर त्यात बुरशी आणि यीस्ट वाढू नये म्हणून सोडियम बेंझोएट घालत. पातळ, फिकट रसाला डांबरापासून काढलेला लाल रंग दिला की बाटली आकर्षक दिसे. बाटली उघडल्यावर आठवडेच्या आठवडे टेबलावर राहणार, मग रसायनाशिवाय ती टिकणार कशी, असा कारखानदारांचा युक्तिवाद होता. तो अगदीच पोकळ नव्हता. बेंझोएट न घातलेल्या बाटल्या खरोखरच आंबत. सुरुवातीला हाइन्झच्या केचपमध्येही परिरक्षक असे.

दरम्यान, वॉशिंग्टनमध्ये सरकारी रसायनशास्त्रज्ञ हार्वी वायली यांनी १९०२ च्या अखेरीस एक धाडसी प्रयोग सुरू केला. निरोगी तरुण स्वयंसेवकांना जेवणातून मोजून परिरक्षके द्यायची आणि त्यांच्या प्रकृतीवर नजर ठेवायची. टाकणखारापासून सुरू झालेली ही यादी पुढे बेंझोइक आम्ल आणि फॉर्माल्डिहाइडपर्यंत गेली. वृत्तपत्रांनी या तरुणांचे नाव ‘विषपथक’ ठेवले.

हाइन्झच्या कारखान्यात उत्पादनाची सूत्रे सेबॅस्टियन म्युलर यांच्याकडे होती. त्यांनी उत्तर रसायनात न शोधता कच्च्या मालात शोधले. पूर्ण पिकलेला ताजा टोमॅटो, जास्त व्हिनेगर आणि जास्त साखर. व्हिनेगरमुळे आम्लता वाढते आणि बहुतेक जिवाणूंची वाढ थांबते. साखर आणि मीठ पाणी धरून ठेवतात, त्यामुळे सूक्ष्मजीवांना वापरायला पाणी कमी उरते. पिकलेल्या फळातल्या पेक्टिनमुळे केचप दाट होते. १९०६ पर्यंत हाइन्झचे केचप बेंझोएटमुक्त झाले. मात्र किंमत वाढली. इतरांच्या तुलनेत ही बाटली दुपटीहून महाग पडे.

महाग माल खपायचा तर गिऱ्हाइकाला त्यातला फरक कळायला हवा. हाइन्झने कारखान्याचे दरवाजे लोकांना पाहण्यासाठी उघडले. स्वच्छ गणवेशातल्या कामगार मुलींच्या नखांची निगा राखायला कंपनीने खास माणसे ठेवली होती. शुद्ध अन्नाच्या कायद्यासाठीही त्याने जोर लावला. बहुतेक कारखानदार विरोधात असताना त्याचा मुलगा हॉवर्ड राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्याकडे गेला. ३० जून १९०६ रोजी कायद्यावर सही झाली. प्रतिस्पर्ध्यांनी हाइन्झवर स्वार्थाचा आरोप केला. त्यात तथ्य होते. बेंझोएटवर बंदी आली असती तर सर्वांत मोठा फायदा त्यालाच होणार होता.

ती बंदी आली नाही. रूझवेल्ट यांनी रसायनशास्त्रज्ञ आयरा रेम्सन यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञांचे मंडळ नेमले. अल्प प्रमाणातले बेंझोएट आरोग्याला घातक नाही, असा निष्कर्ष या मंडळाने १९०९ मध्ये दिला. लेबलवर उल्लेख करण्याच्या अटीवर त्याचा वापर चालू राहिला. म्हणजे वैज्ञानिक वादात हाइन्झची बाजू पुरती जिंकली नाही. बाजारात मात्र ती जिंकली. दाट, आंबटगोड केचपची लोकांना इतकी सवय झाली की जुने पातळ केचप मागे पडले. १४ मे १९१९ रोजी न्यूमोनियाने हाइन्झचे निधन झाले, तेव्हा त्याच्या कंपनीत सहा हजारांहून अधिक लोक काम करत होते.

सोडियम बेंझोएट आजही भारतात ठरावीक मर्यादेत चालते. लेबलवर ते आयएनएस २११ या क्रमांकाने लिहिलेले असते आणि त्या मर्यादेत निरोगी माणसाने त्याची धास्ती घेण्याचे कारण नाही. हाइन्झच्या उपायाचीही एक किंमत आहे. बेंझोएटच्या जागी आलेली साखर केचपमध्ये कायमची राहिली. आजच्या नेहमीच्या केचपच्या एका मोठ्या चमच्यात सुमारे ४ ग्रॅम, म्हणजे जवळपास एक छोटा चमचा साखर असते. शिवाय मीठ असतेच. मुले पोळीला लावून तीन-चार चमचे सहज संपवतात. म्हणून बाटली घेताना परिरक्षकाच्या क्रमांकाबरोबर साखर आणि सोडियमचे आकडेही वाचावेत. पारदर्शक काचेतून एवढे मात्र दिसत नाही.